सदाहरित वने आणि लोकाश्रय : सह्याद्री व गोदाखोरे यांच्या वनेतिहासातील एक प्रश्न

परभणी जिल्ह्यातील अभ्यासकाने सदाहरित वर्षावनांच्या इतिहासात लक्ष घालावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विपरीत वाटण्याजोगे आहे. हा जिल्हा काळ्या कसदार जमिनीचा. कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांचा. वनांच्या प्रमाणाचा विचार करता महाराष्ट्रातील जिल्ह्यांत त्याची गणना अगदी तळाशी होते. उत्तरेस जिंतूरकडील डोंगर आणि दक्षिणेस गंगाखेडकडे उतरणारे बालाघाटचे फाटे, एवढ्या दोन बाजूंसच रान म्हणावे असे काही उरले आहे. तेही साग, धावडा, सालई, पळस अशा पानझडी वृक्षांचे आणि विरळ. वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरांच्या आसपास पडणाऱ्या पावसावर याहून घनदाट रानाची अपेक्षा करणेही युक्त नव्हे. तथापि या जिल्ह्याची मुख्य नदी जी गोदावरी, ती त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. आणि १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयातून कालव्याने परभणीच्या शेतात येणारे पाणीही पुष्कळ अंशी त्याच घाटमाथ्यावर पडलेले असते. वने पाऊस पाडतात की नाही, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. पडलेला पाऊस ती धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, एवढे सर्वमान्य आहे, व आपल्या कामापुरते तेवढे पुरे.

दुसरा दुवा याहून लहान आहे. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट नावाचे एक बेट आहे. जांभळीची झाडे आणि मारुतीचे देवालय ही त्याची ओळख. भोवतालचा मुलूख उन्हाळ्यात करपून गेलेला असता पाण्याच्या वेढ्यातील ही हिरवी राई पाहणाऱ्यास चकित करते. आता, भीमाशंकर आणि महाबळेश्वर येथील घाटमाथ्याच्या सदाहरित रानात अंजनी व पिसा यांच्या जोडीने जो वृक्ष प्रामुख्याने आढळतो, तोही हाच जांभूळ. एकाच जातीचा वृक्ष. एकीकडे साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पावसात तो अरण्य होऊन राहिला आहे, तर दुसरीकडे नदीच्या ओलाव्यावर आणि देवाच्या धाकावर राई होऊन. पैकी दुसरे कारण, म्हणजे देवाचा धाक, वनस्पतिशास्त्राच्या कक्षेत येत नाही. ते इतिहासाच्या कक्षेत येते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेथूनच सुरू होतो.

राजाश्रय हा शब्द आपल्या इतिहासलेखनात रुळलेला आहे. लोकाश्रय हा तितकासा नाही. वनांच्या बाबतीत त्याचा अर्थ आज बहुधा असा घेतला जातो की शासनाने वने राखावी आणि लोकांनी त्यास साहाय्य करावे. लोक अज्ञानी असल्यास त्यांचे प्रबोधन करावे. ही कल्पना कालक्रमाच्या दृष्टीने उलटी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सह्याद्रीत राखण आधी लोकांची होती. शासन नंतर आले. लोकांचा आश्रय जेथे तुटला तेथे तो अज्ञानाने नव्हे, तर हक्क काढून घेतल्याने तुटला. आणि जेथे तो पुन्हा जडला तेथेही उपदेशाने जडल्याचे फारसे दाखले नाहीत. हे विधान तपासून पाहण्यास महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा वनेतिहास पुरेसे साहित्य पुरवतो.

कोकणात व घाटमाथ्यावर देवराई, राहाटी, देवराठी किंवा नुसती राई अशा नावांनी ओळखली जाणारी राने प्रत्येक अभ्यासकास ऐकून ठाऊक असतात. काळकाई, सोमजाई, वाघजाई, भैरी अशा ग्रामदेवतांच्या नावाने सोडलेले हे रानाचे तुकडे. कोठे एखाद्या गुंठ्याचे, तर कोठे कित्येक एकरांचे. नियम गावोगाव भिन्न असत. काही राहाटींत पडलेली वाळकी काटकीही उचलण्यास मनाई, काहींत देवळाच्या कामासाठी वा गावावर आपत्ती आल्यास लाकूड घेण्यास मुभा. झाड तोडावयाचे झाल्यास देवीला कौल लावावा लागे, आणि कौल मिळाला की नाही हे गुरव व मानकरी यांच्या समक्ष ठरे. भाविकतेचा भाग बाजूस ठेवून पाहिले तर ही एक निर्णयपद्धती होती. मागणी उघडपणे मांडली जाई, तिची वाच्यता सबंध गावात होई, आणि नकार देणारी देवता असल्यामुळे नकाराचे वैर कोणा एका माणसाच्या माथी बसत नसे. वनखात्याच्या परवान्यात हा शेवटचा गुण कधीच उतरला नाही.

मात्र देवराईचे चित्र सोज्वळ करून सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. पुष्कळ राहाटींत स्त्रियांना प्रवेश नसे, आणि मानाच्या पायऱ्या जातींच्या पायऱ्यांशी जुळलेल्या असत. राखणारा ‘लोक’ म्हणजे गावातील सर्वच लोक नव्हेत. पुढे मराठवाड्यातील गायरानांचा विचार करताना हीच गोष्ट अधिक तीव्र स्वरूपात समोर येईल.

या रानांची शास्त्रीय नोंद प्रथम घेतली ती पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी, १९७० नंतरच्या दशकात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचीत महाराष्ट्रातील दोनशेहून अधिक देवरायांचा समावेश होता. भोवतालच्या डोंगरांवरून जे वृक्ष आणि ज्या महावेली केव्हाच नाहीशा झाल्या होत्या, त्या या तुकड्यांत टिकून होत्या. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची हकीकत या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. तेथील राहाटी वनखात्याने तोडीसाठी आखली असता गावकऱ्यांनी विरोध केला आणि संशोधकांचे साहाय्य मागितले. येथे भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते. रान राखण्यासाठी स्थापन झालेले खाते तोडीस निघाले होते आणि ज्यांच्यापासून रान वाचवावयाचे म्हणून ते खाते स्थापन झाले, ते गावकरी राखणीसाठी उभे होते.

ही अदलाबदल कशी झाली हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. हिंदुस्थानातील पहिला वनकायदा १८६५ चा. तो अपुरा वाटल्यावरून १८७८ चा कायदा आला आणि त्याने राखीव वने, संरक्षित वने व ग्रामवने असे तीन वर्ग केले. कायद्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा मतभेद होता. बेडन-पॉवेल यांचे म्हणणे असे की लोक जंगलाचा जो उपभोग घेत आले तो राज्यकर्त्यांच्या सवलतीने, हक्काने नव्हे; सबब सर्व वन सरकारचे. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ. त्यांचा कल गावांना स्वतःची वने देण्याकडे होता. देवरायांचीही त्यांनी आपल्या लेखनात दखल घेतली आहे. कायद्यात ग्रामवनाचे कलम आले ते या विचाराच्या आग्रहामुळेच म्हणावे. पण सत्ता आली ती बेडन-पॉवेल यांच्या विचाराकडे. ग्रामवनाचे प्रकरण १८७८ च्या कायद्यात होते, १९२७ च्या कायद्यातही कायम राहिले, आणि देशाच्या बहुतेक भागांत ते कागदावरच राहिले.

याच वर्षी पुण्यात एक घटना घडली. आपल्या राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत तिला सहसा दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. पुणे सार्वजनिक सभेने मार्च १८७८ मध्ये या कायद्याविरुद्ध सरकारकडे निवेदन पाठविले. सभेचे कार्य म्हणजे अर्ज-विनंत्यांचे राजकारण, असा एक शेरा मारून आपण पुढे जातो. पण या निवेदनाचा आशय पाहावा. वने राखली पाहिजेत हे सभेला मान्यच होते. तिचे म्हणणे एवढेच की, हे काम कडक कायद्यापेक्षा गावकऱ्यांना विश्वासात घेतल्याने अधिक सुकर होईल. जी गावे आपल्या हद्दीतील रान जतन करतील त्यांचा गौरव करावा, त्यांना बक्षिसे द्यावीत. म्हणजे ज्या धोरणाला भारत सरकार १९८८ च्या वननीतीत आणि १९९० च्या संयुक्त वनव्यवस्थापनाच्या परिपत्रकात येऊन पोहोचले, ते पुण्यातील काही वकील, शिक्षक व सरदार यांनी एकशे दहा वर्षे आधी लिहून दिले होते. ते स्वीकारले गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासकाराने विचारू नये असा संकेत आहे. पण तशी शक्यता समकालीनांना दिसत होती, एवढे नोंदविणे हे त्याचे कर्तव्यच होय.

सार्वजनिक सभा सुशिक्षितांची होती. पण १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यातही वनखात्यावर तिखट टीका आहे. डोंगर, दऱ्या व पडिताची राने जंगलात घातल्यामुळे गोरगरिबांच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा उरली नाही, हा तिचा रोख. एरवी सभा व फुले यांची मते क्वचितच जुळत. या एका बाबतीत ती जुळली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ साली मुंबई वनआयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. भातशेतीच्या रोपवाटिकेसाठी फांद्या-पाला जाळून राब करण्याचा कोकणातील शेतकऱ्याचा हक्क हा त्यातील एक प्रमुख वादविषय. राब हा वनाचा नाश की शेतीचा प्राण, याविषयी अधिकारी व शेतकरी यांची साक्ष परस्परविरुद्ध पडली. वनेतिहासाच्या विद्यार्थ्याने हे खंड मुळातून चाळावेत, अशी शिफारस येथे करून ठेवतो.

हक्क गेल्यावर माणूस रानाकडे कसा पाहू लागतो, याचे उत्तर १९३० सालाने दिले. मिठाचा सत्याग्रह समुद्रकिनाऱ्यापुरता. डोंगराळ मुलखाने जंगलचा कायदा मोडावयास घेतला. जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव वनात गवत कापून वऱ्हाडातील जंगल सत्याग्रहास आरंभ केला. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, वारणेच्या खोऱ्यात, बिळाशीचा सत्याग्रह गाजला. कुलाबा जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे गोळीबार होऊन आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या घटनांचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. परंतु वनांच्या दृष्टीने पाहता त्यांचा एक अर्थ असाही निघतो की महाराष्ट्रातील गावकऱ्याच्या लेखी राखीव वन हे परक्याचे ठाणे झाले होते. तेथे कुऱ्हाड चालविणे हे देशकार्य ठरले.

पुसद हे गाव मराठवाड्याच्या वाचकास दूरचे नाही. पैनगंगा ही वऱ्हाड आणि निजामी मुलूख यांमधील सीमा. नदीच्या अलीकडे कळमनुरी तालुका, जो १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत असे. निजामाच्या राज्यातही वनांचे राखीव, संरक्षित व खुली असे वर्ग होते आणि तेथेही जंगलखाते हे महसुलाचे एक अंग होते. १९४७ च्या ऑगस्टनंतर हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा पेटला तेव्हा पैनगंगेपलीकडील उमरखेड येथे कार्यकर्त्यांचा तळ पडला, आणि मराठवाड्यात करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करण्याबरोबर जंगल सत्याग्रह व शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. शिंदीच्या झाडावर आबकारीचे उत्पन्न चाले. झाड पाडले की सरकारचा पैसा बुडे. हिशेब सरळ होता. त्या झाडांचा दोष एवढाच की ती निजामाची होती. ओढ्याकाठची शिंदीची बने त्या वर्षभरात गावोगाव आडवी झाली, आणि याविषयी कोणास खंत वाटल्याचे आपल्याकडील आठवणींच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. झाड हे सत्तेचे चिन्ह बनले की त्याची सावली कोणी मोजत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर, १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आणि १ मे १९६० नंतरही वनाची मालकी होती तेथेच राहिली. मालकाचे नाव तेवढे बदलले. १३५५ फसलीचा हैदराबाद वनकायदा जाऊन कालांतराने १९२७ चा भारतीय कायदा लागू झाला. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक-तृतीयांश भूमीवर वन असावे असे ध्येय ठेवले. परभणीसारख्या जिल्ह्यात ते आकाशपुष्पच होते. कोकणात खोतीनिर्मूलनाच्या कायद्यानंतर कित्येक देवरायांच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव यावे हा घोळ सुरू झाला. कोठे महसूलखाते, कोठे वनखाते, कोठे खासगी खातेदार आले. देवीचे नाव क्वचितच आले. ज्याला मालक नाही त्या रानाला गिऱ्हाईक लवकर मिळते, आणि कोळशाच्या भट्ट्यांना लाकूड हवेच होते.

मराठवाड्यात या काळातील महत्त्वाची घटना निराळी आहे. १९५९ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा होता. पडीत व वनाखालील सरकारी जमीन भूमिहीन दलितांस कसण्यासाठी मिळावी ही मागणी. येथे गायरान हा शब्द दोन अर्थांनी समोर येतो. गावच्या गुरांसाठी राखलेले सामायिक रान, हा एक अर्थ. ज्यांच्याकडे गुरे नाहीत आणि शेतही नाही त्यांच्या दृष्टीने मात्र ते गावातील बलिष्ठांच्या गुरांसाठी राखलेले रान होते. म्हणून त्यावर नांगर धरणाऱ्या भूमिहीनाला ‘वनाचा शत्रू’ असे संबोधणाऱ्या लिखाणाकडे सावधगिरीने पाहावे. त्याला सामायिक जमिनीत वाटा कधी मिळालाच नव्हता. मग ती राखण्याची जबाबदारी त्याने का घ्यावी? लोकाश्रयाचा विचार करणाऱ्याने हा प्रश्न टाळून चालणार नाही, आणि तो बव्हंशी टाळला गेला आहे.

१९७० नंतर वारे पालटले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे वर्षावन जलविद्युत् प्रकल्पाखाली जाणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने मल्याळम भाषेतून गावोगाव सभा घेऊन, विजेचे आणि वनाचे हिशेब लोकांसमोर मांडून तो प्रकल्प सार्वजनिक चर्चेचा विषय केला. अखेर प्रकल्प सोडण्यात आला आणि १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. सप्टेंबर १९८३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सिरसी तालुक्यातील गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारून सरकारी तोड थांबविली. कन्नड भाषेत या चळवळीला अप्पिको म्हणतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा हा आपल्याच वनेतिहासाचा भाग मानण्यास हरकत नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये नवापूर आणि कन्याकुमारी अशा दोन टोकांहून ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाल्या व फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात रामनाथी येथे एकत्र आल्या. वन वाचविणे हे आता सरकारविरुद्धच्या लढ्याचे रूप घेऊ लागले होते. पन्नास वर्षांपूर्वी याच लढ्यात वनावर कुऱ्हाड पडत होती.

बाहेरच्या जगात याच सुमारास लोकाश्रयाचे दोन नमुने दिसतात. १९८७ साली स्वीडनमधील एका शाळेतील मुलांनी पैसे जमवून कोस्टा रिकातील मोंतेवेर्देचे वर्षावन विकत घेण्यास हातभार लावला. देशोदेशींची मुले त्यात सामील झाली आणि हजारो हेक्टर अरण्य सुरक्षित झाले. दुसरा नमुना ब्राझीलचा. अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात रबराचा चीक गोळा करणाऱ्या कामगारांचे पुढारी शिकू मेंदिस यांची मागणी अशी की अरण्य राखून त्यातील उत्पन्न काढण्याचा हक्क तेथे राहणाऱ्यांना मिळावा. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांचा खून झाला. १९९० पासून सरकारने तशा राखीव क्षेत्रांची घोषणा करण्यास आरंभ केला. दूरच्या देणगीदाराचा आश्रय हा दयेचा, तर तेथल्या रहिवाशाचा आश्रय हक्काचा. पहिला निरुपयोगी आहे असे मुळीच नव्हे. परंतु वणवा लागतो किंवा रात्रीचा ट्रक येतो तेव्हा देणगीदार तेथे नसतो.

महाराष्ट्रात दुसऱ्या नमुन्याचा पूर्ण प्रयोग सह्याद्रीत न होता गडचिरोलीत झाला. १९९२ च्या शासननिर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापन आले, पण त्यात लोक भागीदार म्हणजे बव्हंशी राखणदार होते. २००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ साली १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्याचा प्रश्न अडलाच. बांबू हे गौण वनोपज की लाकूड, यावर खाते अडून बसले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत वाहतूक-परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले तेव्हा ते सुटले. १८७८ च्या ग्रामवनापासून या पुस्तकापर्यंत एकशे तेहतीस वर्षे गेली. मेंढ्याचे यश पुष्कळदा तेथील एकमताच्या पद्धतीला व अभ्यासमंडळांना दिले जाते, आणि त्यांचे महत्त्व वादातीत आहे. पण अभ्यास करून निर्णय घ्यावयाचा तर आधी निर्णय घेण्याचा अधिकार हवा.

सदाहरित पट्ट्यात हे का घडले नाही? एक कारण जमिनीच्या मालकीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वन फार थोडे, रान बहुतेक खासगी. तेथे सामूहिक हक्काची चौकट सहजी बसत नाही. संगमेश्वर तालुक्यात काही संस्थांनी गावांशी करार करून देवराया व खासगी राने राखण्याचा मार्ग धरला तो यामुळेच. दुसरे कारण धोरणात आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला, त्याचा गाभा असा होता की घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची आखणी ग्रामसभांपुढे चर्चेस ठेवावी आणि त्यांच्या मताने ती पक्की करावी. सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत असे ठराव स्वतः होऊन केले होते. अहवाल मात्र माहिती-हक्काच्या निवाड्यानंतर २०१२ साली लोकांपुढे आला, तोपर्यंत अफवांनी घर केले होते. कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली क्षेत्र घटविले. २०१४ पासून केंद्राने अधिसूचनेचे मसुदे काढले. त्यांतील सहावा जुलै २०२४ चा. हक्क काय मिळणार हे सांगण्याऐवजी बंदी कशावर येणार एवढेच गावापर्यंत पोहोचले, आणि १८८५ च्या ठाणे जिल्ह्याची आठवण व्हावी असा विरोध उभा राहिला.

पुनर्निर्माणाच्या प्रश्नात तर देवराईचे मोल केवळ ऐतिहासिक राहत नाही. सदाहरित वृक्षांच्या अनेक जातींचे बी वाळवून साठवता येत नाही. पडल्यापासून थोड्या आठवड्यांत ते रुजले तर रुजते. त्याला कोवळेपणी सावली लागते, आणि पुष्कळ जातींच्या बाबतीत ते पसरविण्यास धनेशासारखे पक्षी लागतात. तेव्हा उघड्या पडलेल्या डोंगरावर असे रान पुन्हा उभे करावयाचे तर जवळपास बीजवृक्ष हवेत. ते कोठे आहेत? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते : राहाटीत. २०१६ ते २०१९ या वर्षांत महाराष्ट्र शासनाने २ कोटींपासून ३३ कोटींपर्यंत चढत गेलेल्या वृक्षलागवडीचे संकल्प सोडले. खड्ड्यांची संख्या मोजता येते म्हणून ती मोजली गेली. रोप कोणत्या बियांचे, ते कोणाच्या जमिनीवर, आणि चौथ्या उन्हाळ्यात त्याला पाणी घालण्यात कोणाचे हित, हे प्रश्न त्या मोजणीत बसत नव्हते. परभणीच्या माळावर हे तीन प्रश्न कोकणाहूनही अधिक कठीण आहेत.

तेव्हा परभणीच्या अभ्यासकास येथे करण्यासारखे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दप्तरखान्यात आहे. वनहक्क कायद्याखाली अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना दावा करावयाचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. १९३० पर्यंत मागे जावे लागते. आणि १९३० साली जिंतूर व गंगाखेडकडील डोंगरकाठच्या गावांचे सरकार हैदराबादेस होते. त्या राज्यात १८८० नंतरच्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली. गावचे खालचे कागद मोडीत. चराईचे, सरपणाचे, पाणवठ्याच्या वाटेचे जे काही हक्क त्या वेळी नोंदले गेले ते या दोन लिप्यांत आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या संज्ञा आजही आहेत. गायरानावर कोणाचा कोणता वापर चालत आला हे त्यांत उतरावे अशी अपेक्षा आहे. या दोन लिप्या वाचणारे आपल्या विभागांतून वर्षागणिक कमी होत आहेत. वनहक्क नियमांनी पुराव्यांत जुनी सरकारी कागदपत्रे व गॅझेटियर यांबरोबरच गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही ग्राह्य धरले आहे. १९४७-४८ साली शिंदीच्या बनात कुऱ्हाड घेऊन गेलेली पिढी जवळजवळ संपली. त्या वेळी जी मुले गुरांमागे हिंडत होती ती आता नव्वदीच्या घरात आहेत. कोणते रान कोणत्या गावाच्या गुरांना खुले होते, कोणत्या वस्तीला ते बंद होते, आणि जांभूळबेटावरील जांभळीवर कुऱ्हाड न घालण्याचा रिवाज कोणी, केव्हा, कशाच्या भयाने घातला, हे त्यांना विचारता येईल असे उन्हाळे आता थोडे उरले आहेत.